जुन्या जीपची यांत्रिक गेज जिप्सीच्या इंजिनाला कशी जोडावीत?

शिवारजीप:

आमच्याकडे जुन्नर तालुक्यात आजोबांनी घेतलेली उंच बॉनेटची महिंद्रा जीप आहे, म्हणजे सीजे-३बी. तिचे मूळचे २.२ लिटरचे हरिकेन इंजिन तीन वर्षांपूर्वी ब्लॉकला तडा गेल्याने कायमचे बंद पडले. दोनदा वेल्डिंग करूनही पाणी झिरपायचे थांबले नाही. शेवटी मारुती जिप्सीचे १.३ लिटरचे, सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळे पेट्रोल फवारणारे) इंजिन मिळवले आणि अॅडॅप्टर प्लेट करवून घेऊन ते जीपच्या जुन्याच गिअरबॉक्सला व ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या डबीला) जोडले. इंजिन सुरू होते, ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची, वायरिंग पूर्ण झाली आहे आणि बागेत दोन फेऱ्याही मारून झाल्या आहेत.

आता प्रश्न डॅशबोर्डचा आहे. मधोमध मैलांचा स्पीडोमीटर आणि त्याच्या भोवती इंधन, अँपिअर, ऑइल प्रेशर व तापमान अशी चार लहान गेज आहेत. यांतले ऑइल प्रेशर आणि तापमान ही दोन्ही यांत्रिक आहेत. एकात तेलाची बारीक नळी थेट गेजपर्यंत येते, तर दुसऱ्याची तांब्याची केसासारखी नळी आणि तिच्या टोकाचा पितळी बल्ब गेजलाच कायमचा जोडलेला आहे. गावातल्या इलेक्ट्रिशियनने सगळे काढून डिजिटल मीटर बसवण्याचा सल्ला दिला, पण तो मला पटत नाही. आजोबा इंजिन सुरू केल्यावर ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत क्लचवर पायसुद्धा ठेवत नसत, आणि मीही गाडी चालवायला शिकलो ते त्याच काट्याकडे बघत. ही गेज शोभेसाठी नव्हेत, तर नव्या इंजिनाची खरी स्थिती दाखवण्यासाठी चालू राहावीत अशी माझी इच्छा आहे.

अडचणी अशा. तापमानाचा बल्ब नव्या इंजिनावर कोठेच बसत नाही आणि ईसीयूचा सेन्सर काढून त्या जागी तो बसवावा का, हे समजत नाही. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी जुन्या नळीचा नट दोन फेरे सहज जातो आणि मग अडकतो. अँपिअर मीटर ३०-०-३० चा आहे, तर नवा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) ५० अँपिअरहून अधिक देऊ शकतो. शिवाय ६.०० ऐवजी ७.०० इंची, म्हणजे मोठे टायर घातल्यापासून स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो अशी शंका आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

काटेदुरुस्त:

आपण गेज काढून टाकली नाहीत याचा मनापासून आनंद झाला. जुन्या गाड्यांची गेज दुरुस्त करणे हेच माझे काम असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम, ईसीयूच्या सेन्सरला हात लावू नका. तो सेन्सर म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा एक थर्मिस्टर असतो. अशा सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला साधारण अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो. त्याच आकड्यावरून ईसीयू इंधन किती सोडायचे हे ठरवतो. तो काढला तर इंजिन थंडच आहे असे समजून ईसीयू जास्त पेट्रोल पाजत राहील किंवा दोष नोंदवून पर्यायी पद्धतीवर जाईल. जुन्या बल्बला स्वतःची वेगळी जागाच द्यावी लागेल.

ती जागा निवडण्यापूर्वी गेजचे अंतरंग समजून घ्या. बल्बमध्ये ईथरसारखा लवकर वाफ होणारा द्रव असतो. बल्ब तापला की वाफेचा दाब वाढतो, तो केशनळीतून गेजमधल्या चंद्रकोरीसारख्या वाकवलेल्या पोकळ नळीत पोहोचतो, ती नळी किंचित उलगडते आणि काटा सरकतो. ही वाकडी नळी म्हणजेच बोर्डन नळी. युजीन बोर्डन या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि आपले ऑइल प्रेशर गेजही त्याच तत्त्वावर चालते. वाफेचा दाब तापमानाबरोबर सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने वाढत असल्याने डायलवर थंड बाजूचे आकडे दाटीने आणि गरम बाजूचे सुटे सुटे असतात. आपल्याला काळजी असते ती गरम बाजूचीच, त्यामुळे ही रचना सोयीचीच ठरते.

याचा अर्थ असा, की गेज फक्त बल्बच्या जागेचे तापमान सांगते. रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये अॅडॅप्टर टाकून बल्ब बसवण्याची पद्धत सोपी म्हणून सर्रास वापरली जाते, पण ती मला मान्य नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच उघडणारी झडप, इंजिनातून पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाशी असेल, तर तो उघडेपर्यंत त्या होजमध्ये पाणी जवळजवळ वाहतच नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळत असतानाही काटा निवांत बसून राहील, म्हणजे ज्या प्रसंगासाठी गेज बसवायचे नेमक्या त्याच प्रसंगी ते निरुपयोगी ठरेल.

तुमच्या जीपमध्ये हीटर नाही असे मी गृहीत धरतो. जिप्सीच्या इंजिनाला हीटरसाठी जाणारी आणि परत येणारी अशा दोन नळ्या असतात, आणि हीटर नसलेल्या गाडीत त्या बहुधा एका होजने एकमेकींना जोडून टाकतात. या वळशातून थर्मोस्टॅट बंद असतानाही इंजिनाचे गरम पाणी फिरत राहते. इंजिनातून बाहेर येणाऱ्या नळीच्या जवळ, याच वळशात, पितळेचा एक टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, बसवा. षटकोनी पितळी गजातून लेथवर तो करून घ्यावा: दोन बाजूंना होजच्या मापाची तोंडे आणि तिसऱ्या बाजूला आपल्या बल्बच्या नटाचे आटे. दोन गोष्टी मात्र नीट पाहा. बल्ब पूर्णपणे पाण्यात बुडाला पाहिजे, आणि बल्बच्या भोवती पाण्याला वाहायला पुरेशी वाट उरली पाहिजे, त्यामुळे टीचे पोट होजपेक्षा मोठे ठेवावे लागते. टी वळशाच्या सर्वांत उंच ठिकाणी येऊ देऊ नका. तेथे हवा साठते, आणि हवेत किंवा वाफेत लटकणारा बल्ब खरे तापमान दाखवत नाही. याच कारणाने पाणी पूर्ण गळून गेल्यावर काटा वर चढण्याऐवजी खालीही येऊ शकतो, हे आपल्या घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवा.

केशनळी कापता येत नाही, ओढून लांब करता येत नाही, आणि एकदा घडी पडली की गेज गेलेच. बसवताना फक्त नट फिरवा, बल्ब आणि नळी त्याच्याबरोबर फिरता कामा नयेत. उरलेल्या नळीची मनगटाएवढ्या व्यासाची दोन-तीन सैल वेटोळी करून ती फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि चालक यांच्यामधल्या पत्र्यावर, क्लिपने धरून ठेवा, फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला, आणि एक्झॉस्टपासून नळी लांब ठेवा. नळी तुटून द्रव उडून गेलाच, तर दुसऱ्या गेजची चांगली नळी व बल्ब जोडून दुरुस्ती होते. ती करताना बल्ब बर्फ आणि मिठात बुडवून ठेवतात, म्हणजे आतला ईथर वाफ न होता बल्बमध्येच राहतो. ईथर अत्यंत ज्वालाग्राही आहे, त्यामुळे हे काम उघड्या ज्योतीवर किंवा बंद खोलीत कधीही करू नये. मी स्वतः ते अंगणात, इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्नने करतो.

गाडीत बसवण्यापूर्वी गेज तपासून घ्या. पातेल्यात पाणी उकळवून बल्ब त्यात तळाला टेकू न देता धरा आणि पाच मिनिटे थांबा. मात्र काटा २१२ फॅरनहाइटवर आला नाही म्हणून घाबरू नका. जुन्नरसारख्या सुमारे ७०० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या किंचित अलीकडेच, म्हणजे २०८ फॅरनहाइटच्या सुमारास उकळते.

आता ऑइल प्रेशर. नट दोन फेरे जाऊन अडकला तेथेच आपण थांबलात, हे फार चांगले केलेत. जपानी वळणाच्या इंजिनांत या जागी बहुधा १/८ इंची ब्रिटिश टेपर (निमुळते) आटे असतात, इंचाला २८. जुन्या अमेरिकी वळणाच्या फिटिंगवर १/८ इंची अमेरिकी टेपर आटे असतात, इंचाला २७. आट्यांचा कोनही वेगळा, एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. हाताला हा फरक जाणवत नाही, पण जोर लावून पाना फिरवला तर इंजिनाच्या बाजूचे आटे ओरबाडले जातात किंवा ओतीवाला तडा जातो. आट्यांचा गेज लावून दोन्ही मापे पक्की करा आणि एका बाजूला हे व दुसऱ्या बाजूला ते आटे असलेला पितळी अॅडॅप्टर करून घ्या.

मूळचा प्रेशर स्विचही ठेवा, कारण पेटलेला लाल दिवा खड्ड्यातून जातानाही दिसतो, काटा त्या वेळी दिसेलच असे नाही. त्यासाठी टी लागेल, पण तो जड टी, स्विच आणि नळी असा सगळा भार इंजिनाच्या त्या लहानशा भोकावर लटकवू नका, कंपनाने तो मुळाशी मोडतो. इंजिनापासून फायरवॉलपर्यंत तेल सोसणारी, जाळीच्या आवरणाची लवचीक होज आणा, टी फायरवॉलवर पक्का बसवा आणि तेथून गेजपर्यंत तांब्याची नळी न्या. टी इंजिनावर नसल्याने स्विचला तेथे अर्थिंगची वेगळी वायर द्यावी लागेल, नाही तर दिवा कधीच पेटणार नाही. तांबे कंपनाने कडक होते आणि नटाच्या मागेच चिरते, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामधला टप्पा तांब्याने जोडू नये. नायलॉनची नळी स्वस्त पडते, परंतु एक्झॉस्टजवळ वितळली तर दाबाखालचे गरम तेल थेट पायांवर येते.

वायरमन_कोकण:

अँपिअर मीटरबद्दल लिहितो, कारण आग लागण्याचा खरा धोका तेथे आहे. जुन्या रचनेत स्टार्टर सोडला तर बॅटरीत जाणारा आणि बॅटरीतून येणारा सगळा प्रवाह डॅशबोर्डपर्यंत येऊन या मीटरमधून परत जातो. बॅटरी उतरलेली असताना नवा अल्टरनेटर चाळीस-पन्नास अँपिअर ढकलू लागला, तर ३० अँपिअरचा मीटर, त्याचे सत्तर वर्षांचे स्क्रू आणि त्यामागची कापडी आवरणाची वायर हे सगळे तापते. मी एका जीपमध्ये मीटरमागचा फायबरचा वॉशर कोळसा झालेला पाहिला आहे. मालकाला फक्त अधूनमधून जळका वास येत असे.

अल्टरनेटरच्या मुख्य टोकापासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र जाड वायर टाका, लांबी कमी असेल तर १० चौरस मिलिमीटरची पुरते, आणि बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज घाला. ईसीयू, पेट्रोल पंप आणि रेडिएटरचा विजेवरचा पंखा यांचा पुरवठा बॅटरीपासून रिलेमार्गे (विजेवर चालणाऱ्या स्विचमार्गे) वेगळा घ्या, तो मीटरमधून जाऊच नये.

मग मीटरने काय दाखवायचे? काही जण मीटरला समांतर वायर जोडून अर्धा प्रवाह तिच्यातून वळवतात, म्हणजे काटा १५ वर असेल तर खरा प्रवाह ३० समजायचा. गणित बरोबर आहे. इंजिन बंद ठेवून ५५ वॅटचे दोन हेडलाइट लावले तर सुमारे नऊ अँपिअर दिसायला हवेत, समांतर वायर जोडल्यावर साडेचार, असे ते तपासताही येते. तरीही मी ही पद्धत सुचवणार नाही, कारण या मीटरमधला वाहक म्हणजे पितळेची एक जाड पट्टीच असते. तिचा रोध इतका कमी असतो की एखादा नट सैल झाला किंवा गंजला तरी वाटणी बदलते, आणि समांतर वायर निसटली तर सगळा भार पुन्हा मीटरवर येतो. त्यापेक्षा हेडलाइट, टेललाइट आणि हॉर्न एवढाच जुना भार मीटरमधून जाऊ द्या, आणि त्याच्या वायरला बॅटरीपाशी २० अँपिअरचा फ्यूज लावा. काटा जिवंत राहील आणि दिवा लागला की डावीकडे झुकेल. चार्जिंगची अवस्था पाहण्यासाठी स्टिअरिंगखाली लहान व्होल्टमीटर लावा. इंजिन चालू असताना तो साधारण पावणेचौदा ते साडेचौदा दाखवत असेल तर चिंता नाही.

घाटवाट:

स्पीडोमीटरपुरते माझे मत देतो. या जीपमध्ये त्याची केबल ट्रान्सफर केसवरून निघते आणि आपण ती जुनीच ठेवली आहे, त्यामुळे इंजिन बदलल्याने त्यात काहीच फरक पडलेला नाही. फरक टायरचा आहे. डायलवर बारीक अक्षरांत १००० असा आकडा असेल, तर केबलच्या हजार फेऱ्यांना तो एक मैल मोजतो. मोजणी घरीच होते. सपाट जमिनीवर १६.०९ मीटर अंतर खडूने आखा, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग झाला. केबल मीटरमागून सोडवून आतल्या तारेला कागदाची झेंडी चिकटवा आणि एकाने जीप सरळ ढकलत असताना दुसऱ्याने फेऱ्या मोजाव्यात. बरोबर दहा भरल्या पाहिजेत. सव्वानऊ भरल्या तर मीटर सुमारे साडेसात टक्के कमी दाखवतो आहे. ट्रान्सफर केसमधले केबलचे लहान गिअर बदलून, किंवा केबलच्या मध्ये गुणोत्तर बदलणारी डबी टाकून ते सुधारता येते. केबलला ग्रीस लावाल तेव्हा मीटरकडचे काही इंच कोरडे सोडा, नाही तर ग्रीस वर चढून मीटरच्या आतल्या चुंबकाभोवती जाते आणि काटा अडखळू लागतो.

काही एमपीएफआय गाड्यांत ईसीयूला वेगाचा संकेत मूळ गाडीच्या स्पीडोमीटरमधूनच मिळतो. आपली जीप थांबताना इंजिन बंद पडत असेल किंवा आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा संथ वेग) वरखाली होत असेल, तर हा संकेत नसणे हे एक कारण असू शकते. केबलच्या मार्गात बसणारा सेन्सर घातला तर जुना मीटर आणि ईसीयू दोघांचेही काम होते.

आणखी एक आवश्यक गोष्ट. ही जीप सार्वजनिक रस्त्यावर आणायची असेल तर आधी आरटीओकडे जा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांपासून नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका स्पष्ट केली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेली व्हिंटेज नोंदणीही मूळ स्वरूप जपलेल्या गाड्यांनाच मिळते. त्यामुळे तडा गेलेला जुना ब्लॉक भंगारात देऊ नका.

शिवारजीप:

सर्वांचे मनापासून आभार. जीप आमच्या बागेबाहेर जात नाही आणि जाणारही नाही. जुना ब्लॉक तेल लावून गोठ्यात ठेवला आहे. गेल्या तीन आठवड्यांत केलेले काम येथे नोंदवतो.

आट्यांचा गेज लावला तेव्हा इंजिनाच्या बाजूला इंचाला २८ आणि नळीच्या फिटिंगवर २७ आटे निघाले. नारायणगावात लेथवर अॅडॅप्टर करून घेतला आणि टी फायरवॉलवर बसवला. सकाळी थंड इंजिनावर काटा ६५ पौंडांच्या (दर चौरस इंची) पुढे जातो, आणि तासभर नांगरटीच्या रानातून फिरून आल्यावर आयडलिंगला १८ वर स्थिरावतो. काटा पूर्वी थरथरत असे, आता संथपणे उठतो.

हीटरच्या वळशातली जागा अगदी योग्य निघाली. पहिला टी मात्र वाया गेला, कारण त्याचे पोट होजएवढेच ठेवले होते आणि बल्ब आत गेल्यावर पाण्याला वाटच उरली नाही. दुसरा मोठ्या गजातून करवला. अँपिअर मीटरवर आता फक्त दिवे आणि हॉर्न आहेत. जुनी वायर काढली तेव्हा मीटरमागच्या एका टोकाचे कापड काळे पडून कुरकुरीत झालेले दिसले, म्हणजे वायरमन_कोकण यांनी लिहिलेली गोष्ट आमच्याकडेही सुरू झाली होती. स्पीडोमीटरच्या फेऱ्या सव्वानऊच्या थोड्या वर भरल्या. गिअर शोधत आहे.

एक शंका उरली आहे. उकळत्या पाण्यात तापमानाचा काटा २०८ ऐवजी २०० वरच थांबला. गाडीत बसवल्यावर इंजिन पूर्ण तापवून बंद केले आणि लगेच ईसीयूच्या सेन्सरचा रोध मोजला, तो ३०० ओहमच्या आसपास आला, आणि थर्मोस्टॅटही ८२ अंशांचा, म्हणजे १८० फॅरनहाइटचाच आहे. त्या वेळी काटा १७२ वर होता. गेज उघडून काटा आठ अंश पुढे बसवावा का?

काटेदुरुस्त:

दोन्ही ठिकाणी फरक जवळपास सारखाच येत असेल, तर बोर्डन नळी आणि तिची जोडणी शाबूत असून काटाच आसावर किंचित सरकलेला आहे, असे मानायला जागा आहे. तरीही उघडण्यापूर्वी तिसरी मोजणी करा. पाणी १५० फॅरनहाइटला, म्हणजे ६५ अंश सेल्सिअसच्या थोडे वर आणून चांगल्या थर्मामीटरशी ताडून पाहा. तेथेही काटा डायलवर साधारण तेवढ्याच अंतराने मागे राहिला (थंड बाजूचे आकडे दाटीचे असल्याने अंशांत तो फरक आठहून जास्त दिसेल) तर काटा सरळ वर उचलून पुन्हा बसवता येईल. उचलताना त्याच्या दोन्ही बाजूंनी डायलवर जाड कागद ठेवून दोन चमच्यांनी समान जोर द्या, एका बाजूने उचकटला तर आस वाकतो. ते अंतर बरेच कमी-जास्त निघाले तर मात्र आतल्या दुव्याची लांबी बदललेली आहे. तसे असेल तर गेज उघडू नका. काचेच्या कडेवर, काटा आज इंजिन तापल्यावर जेथे थांबतो तेथे, पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा आणि काटा त्या रेघेच्या पुढे स्वतःच्या दोन रुंदींएवढा जाताना दिसला की इंजिन बंद करा.